चित्रकार एलन ॲक्सन विल्सन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन म्हटले की आपल्याला शाळेच्या इतिहासातले पहिले महायुद्ध, चौदा मुद्दे आणि राष्ट्रसंघ एवढेच आठवते. त्यांच्या पहिल्या पत्नी एलन शिकलेल्या, प्रदर्शने केलेल्या चित्रकार होत्या, हे अमेरिकेतही फार जणांना ठाऊक नसते. त्यांच्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखे जास्त आहे.

विल्सन यांच्या पत्नीचे नाव एडिथ होते ना? मग या एलन कोण?

दोन्ही बरोबर. एलन पहिल्या, एडिथ दुसऱ्या. एलन ४ मार्च १९१३ ला पतीबरोबर व्हाइट हाउसमध्ये आल्या आणि ६ ऑगस्ट १९१४ ला तिथेच वारल्या. विल्सन यांनी डिसेंबर १९१५ मध्ये एडिथ बोलिंग गॉल्ट यांच्याशी दुसरे लग्न केले. १९१९ मध्ये विल्सन यांना पक्षाघात झाल्यावर कोणते कागद त्यांच्यापर्यंत जायचे आणि कोणते नाही हे ठरवणाऱ्या त्या एडिथ. तो किस्सा इतका गाजला की त्यात एलन झाकोळून गेल्या. जेमतेम सतरा महिने त्या व्हाइट हाउसमध्ये होत्या, हेही एक कारण.

त्यांचे घराणे कलावंतांचे होते का?

नाही, धर्मोपदेशकांचे. जन्म १५ मे १८६० चा, जॉर्जिया राज्यातल्या सॅव्हाना शहरात, आजोबांच्या घरी. आजोबा तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक, वडील सॅम्युएल एडवर्ड ॲक्सन हेही पाळक. वडिलांची नेमणूक पुढे रोम या गावी झाली. इटलीतले रोम नव्हे, जॉर्जियातले. एलन तिथेच वाढल्या. घर पुस्तकांचे, शिस्तीचे आणि बेताच्या मिळकतीचे. एलन सर्वांत थोरल्या, पाठीवर दोन भाऊ आणि एक बहीण.

१८८१ मध्ये धाकट्या बहिणीच्या जन्मानंतर आई गेली. एलन तेव्हा एकवीस वर्षांच्या. घरातली धाकटी भावंडे त्यांच्या पदरात आली आणि वडील हळूहळू मानसिक आजारात खचत गेले. १८८४ च्या सुरुवातीला त्यांना मिलेजव्हिलच्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले, मे महिन्यात ते तिथेच वारले. त्यांनी स्वतःच जीव दिला असावा असे चरित्रकार मानतात. भाऊ स्टॉकटन यालाही पुढे नैराश्याचे झटके येत. एलनच्या आयुष्यात मधूनमधून जे काळे ढग येतात, ते समजून घेताना हे ध्यानात ठेवावे लागते.

चित्रकला रीतसर शिकल्या होत्या, की चांगल्या घरातल्या मुलींनी जरा रंगवायचे त्यातला प्रकार?

रीतसर. रोम फीमेल कॉलेजात हेलन फेअरचाइल्ड नावाच्या शिक्षिका होत्या, त्या स्वतः न्यूयॉर्कच्या नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइनमध्ये शिकून आलेल्या. या बाईंनी एलनचा हात ओळखला. १८७८ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले, तिथे एलनचे शाळेच्या प्रसंगाचे एक रेखाटन पाठवले गेले आणि त्याला मुक्तहस्त चित्रासाठी कांस्यपदक मिळाले. मुलगी अठरा वर्षांची, गाव आडवळणाचे, आणि पदक पॅरिसचे.

त्यानंतर त्या खडूने व्यक्तिचित्रे काढून पैसे मिळवू लागल्या. लग्न न करता मैत्रिणींबरोबर एक बायकांचे वसतिगृह चालवावे, खर्च चित्रांच्या कमाईतून भागवावा, असा त्यांचा बेत होता. गावात त्यांना ‘पुरुषद्वेष्टी एली’ म्हणत. वडिलांच्या चर्चमधल्या तरुणांचे बरेच प्रस्ताव त्यांनी परत पाठवले होते, त्यातून हे नाव पडले असावे.

मग विल्सन कसे भेटले?

एप्रिल १८८३. विल्सन तेव्हा अटलांटात वकिली करत होते, म्हणजे बहुतेक वेळ पक्षकाराची वाट बघत बसत होते. आईच्या मालमत्तेच्या कामासाठी ते रोमला आले, रविवारी चर्चमध्ये गेले आणि पुढच्या बाकावर काळ्या जाळीच्या पदराआडचा एक चेहरा त्यांना दिसला. आईच्या दुखवट्यामुळे एलन काळे कपडे घालत होत्या. मुलगी पाळकांची आहे असे कळल्यावर विल्सन पाळकांच्या भेटीला गेले. रेव्हरंड मात्र धर्माचे आणि चर्चचे बोलणे काही सोडेनात. शेवटी विल्सन यांनी ‘आपल्या कन्येची तब्येत कशी आहे?’ असे सरळच विचारले. कन्येच्या तब्येतीला काहीच झालेले नव्हते. रेव्हरंड चकित झाले, पण त्यांनी हाक मारून तिला बैठकीच्या खोलीत बोलावले.

सप्टेंबरात नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिल गावी दोघे योगायोगाने पुन्हा समोर आले. एलन वडिलांच्या आजारपणामुळे घरी परतत होत्या आणि गाडीची वाट बघत हॉटेलात थांबल्या होत्या. रस्त्यावरून जाणाऱ्या विल्सन यांनी खिडकीतला अंबाडा ओळखला, असे सांगतात. त्याच मुक्कामात लग्न ठरले. लगेच विल्सन बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी निघून गेले.

न्यूयॉर्कमध्ये त्या किती काळ होत्या?

१८८४ ची शरद ते १८८५ चा वसंत, एवढाच काळ. वडिलांच्या मागे राहिलेल्या पैशांतून त्यांनी आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये नाव घातले. ही संस्था विद्यार्थ्यांनीच अकॅडमीच्या कारभाराला कंटाळून १८७५ मध्ये काढलेली. बायकांना तिथे प्रवेश होता, त्यांच्यासाठी मानवी देहाच्या अभ्यासाचे वर्गही होते. एलनचे शिक्षक म्हणजे जॉर्ज डी फॉरेस्ट ब्रश, थॉमस ड्युइंग, फ्रेडरिक फ्रीर. त्या काळच्या अमेरिकी चित्रकलेतली ही मोठी नावे.

अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेली एकटी मुलगी खानावळवजा घरात राहते, संग्रहालये पाहते, नाटकांना जाते आणि रविवारी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत शिकवते. बाल्टिमोरहून विल्सन यांची रोज पत्रे येत. संध्याकाळी एकटीने हिंडू नकोस, परक्या पुरुषाच्या सोबतीने जाऊ नकोस, असली काळजीही त्यांत असे. एलनची उत्तरे गोड असत, पण त्या हिंडायच्या थांबल्या नाहीत.

दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे हजाराच्या वर भरतात. धाकट्या मुलीने त्यांतली निवडक पत्रे १९६२ मध्ये छापली. चित्रांबद्दल सर्वांत जास्त कळते ते या पत्रांतूनच.

लग्नासाठी कला सोडायला लावली का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बहुतेकांना उत्तर ‘हो’ असे हवे असते. घडले ते जरा वेगळे.

विल्सन यांनाच अपराधी वाटत होते. तुझ्यासारखीला घरकामात अडकवून मी तुझ्या कलेचा बळी तर घेत नाही ना, असे ते पत्रांतून विचारत. एलनचे उत्तर असे की तुमच्यावर प्रेम करायला मिळणे आणि तुमचे प्रेम मिळणे यापुढे सगळ्या जगाची वाहवाही मला हलकी वाटते. हे लिहिताना त्या चोवीस वर्षांच्या होत्या आणि न्यूयॉर्कच्या वर्गात शिक्षक त्यांचे कौतुक करत होते. तेव्हा हे वाक्य नकळत लिहिले गेलेले नाही. आजच्या वाचकाला ते खुपते, मलाही खुपते. पण तो निर्णय त्यांचा होता, आणि पाळक घराण्यातल्या मुलीला १८८५ मध्ये दुसरे मोकळे दार जवळपास नव्हतेच, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

२४ जून १८८५ ला सॅव्हानात आजोबांच्या घरी लग्न झाले. एलनचे आजोबा आणि विल्सन यांचे वडील, दोघांनी मिळून लग्न लावले.

मग पुढची वीस वर्षे त्यांनी केले तरी काय?

संसार. विल्सन प्राध्यापक झाले. आधी पेनसिल्व्हेनियात ब्रिन मॉर, मग कनेक्टिकटमधले वेस्लियन आणि १८९० पासून प्रिन्स्टन. मार्गारेट (१८८६), जेसी (१८८७) आणि एलेनॉर (१८८९) अशा तीन मुली झाल्या. (ब्रिन मॉर फिलाडेल्फियाला लागूनच. एलन तिथे संसार मांडून बसल्या असतानाच, मार्च १८८६ मध्ये, फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. दोघींची भेट वगैरे काही नाही, पण तो काळ डोळ्यांसमोर आणायला ही खूण बरी पडते.)

पैसे कमी. धाकटा भाऊ एडवर्ड मुलासारखा त्यांच्याच घरी वाढत होता, नात्यातले कोणी ना कोणी कायम मुक्कामाला. मुलींचे कपडे एलन स्वतः शिवत. मुलींना सुरुवातीला घरीच शिकवले. नवऱ्याला राज्यशास्त्राचे जर्मन ग्रंथ वाचायला वेळ नाही, म्हणून त्या जर्मन शिकल्या आणि ग्रंथांचे सार काढून देऊ लागल्या. विल्सन यांच्या भाषणांचे मसुदे आधी एलनच्या हातून जात, त्यांत पेरलेल्या कवितेच्या ओळी बऱ्याचदा यांनी सुचवलेल्या असत.

हात मात्र पूर्ण थांबला नव्हता. नवऱ्याच्या अभ्यासिकेत लावायला त्यांनी त्याच्या दैवतांची, म्हणजे बर्क, ग्लॅडस्टन, बॅजट या ब्रिटिश राजकारणी-विचारवंतांची, खडूने मोठी चित्रे काढून दिली. प्रिन्स्टनला लायब्ररी प्लेसवर १८९५-९६ मध्ये घर बांधले, त्याचा आराखडा आधी त्यांनी कागदावर उतरवला आणि मग तो वास्तुविशारदाच्या हाती गेला. १९०२ मध्ये विल्सन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि कुटुंब ‘प्रॉस्पेक्ट’ या अधिकृत निवासात आले. तिथल्या बागेची फुलांची आखणी आणि मागे सदाहरित झाडांची भिंत एलनची. सामने बघायला येणारी गर्दी आवारातून बाग तुडवत जाई, म्हणून विल्सन यांनी लोखंडी कुंपण घातले, आणि विद्यार्थी त्यावरून चांगलेच बिथरले. पण बाग टिकली.

पुन्हा ब्रश हातात घेतला तो केव्हा?

एका भयंकर दुःखानंतर. एप्रिल १९०५ मध्ये जॉर्जियात नदी ओलांडताना तराफ्यावर अपघात झाला, घोडे बिथरले आणि भाऊ एडवर्ड, त्याची पत्नी आणि लहान मुलगा तिघेही बुडाले. एलन यांनीच हा भाऊ वाढवला होता. त्या पार कोसळल्या. बोलेनाशा झाल्या, कशात मन लागेना.

त्या उन्हाळ्यात विल्सन त्यांना कनेक्टिकटमधल्या ओल्ड लाइम या समुद्राजवळच्या गावी घेऊन गेले. तिथे चित्रकारांची वसाहतच होती. मिस फ्लॉरेन्स ग्रिसवोल्ड नावाच्या बाई आपल्या जुन्या मोठ्या घरात चित्रकारांना ठेवून घेत. चाइल्ड हॅसम, विलर्ड मेटकाफ असे नावाजलेले चित्रकार तिथे येऊन राहिलेले, आणि जेवणघराच्या दारांवर आणि भिंतींच्या फळ्यांवर त्यांनी रंगवून ठेवलेली चित्रे आजही तिथे आहेत. एलन फ्रँक ड्युमंड यांच्या वर्गाला बसू लागल्या. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तरुण विद्यार्थ्यांमध्ये, शेतात तिकाटणे रोवून.

१९०८ पासून सलग काही उन्हाळे त्या तिथे जात राहिल्या, पुढे ग्रिसवोल्डबाईंच्याच घरी उतरू लागल्या. रॉबर्ट व्हॉनो या चित्रकाराशी स्नेह झाला, मार्गदर्शनही मिळाले. त्याआधीची १९०४ ची इटलीची सफर आणि १९०६ मधला इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशातला मुक्काम यांनी डोळा पुन्हा तयार झालेला होताच. सरोवरांकाठी फ्रेड येट्स या चित्रकाराची ओळख झाली. त्याने काढलेले एलनचे रंगीत खडूंतले चित्र त्यांच्या चांगल्या चित्रांपैकी एक मानले जाते.

चित्रे खरेच चांगली आहेत, की नवऱ्याच्या नावावर खपली?

ही शंका एलनलाही होतीच, आणि तिचा निकाल त्यांनी स्वतः लावला. १९११ मध्ये, नवरा न्यू जर्सीचा गव्हर्नर असताना, त्यांनी एक चित्र आपली ओळख लपवून न्यूयॉर्कच्या विल्यम मॅकबेथ यांच्या दालनात पाठवले. मॅकबेथ म्हणजे अमेरिकी चित्रकारांना उभे करणारा व्यापारी. १९०८ चे ‘द एट’ हे आठ चित्रकारांचे गाजलेले प्रदर्शन त्यानेच भरवले होते. त्याने चित्र स्वीकारले. कोणाचे आहे ते नंतर कळले. पुढे तोच त्यांची चित्रे बाहेर पाठवू लागला. शिकागो आणि इंडियानापोलिसच्या प्रदर्शनांत ती लागली, न्यूयॉर्कच्या महिला चित्रकार आणि शिल्पकारांच्या संघटनेने त्यांना सदस्य करून घेतले, आणि १९१३ च्या सुरुवातीला फिलाडेल्फियात पन्नास निसर्गचित्रांचे एकटीचे प्रदर्शन झाले. चित्रांचे पैसे रोमजवळच्या बेरी स्कूलला, डोंगरातल्या गरीब मुलांच्या शिक्षणासाठी, एडवर्डच्या नावाने दिले.

आता चित्रांविषयी. बहुतेक चित्रे निसर्गाची आणि माणसांविना. फळबागा, नदी, शरदातली शेते, हिवाळ्यातली झाडे. सुरुवातीच्या चित्रांत रंग दबके, एकाच सुराचे, धुक्यातून पाहिल्यासारखे. व्हॉनोंच्या सहवासानंतर पॅलेट उजळते, फटकारे तुटक होतात, सावलीत जांभळे-निळे येऊ लागते. ‘ग्रिसवोल्ड घराचा बाजूचा व्हरांडा’ हे चित्र मला सर्वांत आवडते. या व्हरांड्यात उन्हाळ्यात पुरुष चित्रकारांची पंगत बसे आणि गप्पांचा फड रंगे. त्यांनी स्वतःच्या टोळक्याला ‘हॉट एअर क्लब’ म्हणजे पोकळ गप्पांचे मंडळ असे नाव दिले होते. एलनच्या चित्रात मंडळ नाही. फक्त उन्हाळा आणि व्हरांडा.

पहिल्या फळीतल्या चित्रकार त्या नव्हत्या. मेटकाफच्या शेजारी त्यांचे चित्र ठेवले तर फरक कळतो. पण जेमतेम सात-आठ उन्हाळे मिळालेल्या माणसाच्या मानाने ही झेप मोठी आहे. ‘राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीची हौस’ असा शेरा मारून ही चित्रे बाजूला ठेवणाऱ्यांनी ती नीट पाहिलेली नसतात.

राजकारणात त्यांचा काही हात होता का?

होता, आणि तो लोकांना वाटतो त्याहून मोठा. मार्च १९११ मध्ये विल्यम जेनिंग्ज ब्रायन प्रिन्स्टनला भाषणासाठी येणार होते. तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेले, तरी डेमोक्रॅटिक पक्षावर जबरदस्त वजन असलेले हे गृहस्थ. विल्सन त्या दिवशी गावाबाहेर होते. एलनने तार करून त्यांना बोलावून घेतले आणि ब्रायन यांना घरी जेवायला बोलावले. त्या रात्री दोघांचे सूत जुळले. पुढच्या वर्षी बाल्टिमोरच्या अधिवेशनात सेहेचाळीस फेऱ्यांनंतर विल्सन यांना उमेदवारी मिळाली, त्यात ब्रायन यांनी आपले वजन टाकले होते. एका जेवणाने निवडणूक जिंकली जात नाही हे खरे, पण पानावर कोणाला कोणाशेजारी बसवायचे हे ज्याला कळते, त्याला राजकारण कळते.

व्हाइट हाउसमध्ये त्यांचा स्टुडिओ होता म्हणतात, ते खरे का?

खरे. तिसऱ्या मजल्यावर छताला काच बसवून घेतली, म्हणजे वरून सारखा उजेड येईल, आणि तिथे रंगकाम सुरू केले. वेळ मात्र फारसा मिळाला नाही. त्यातल्या त्यात मिळाला तो १९१३ च्या उन्हाळ्यात. विल्सन जकात आणि मध्यवर्ती बँकेच्या विधेयकांसाठी वॉशिंग्टनच्या उकाड्यात अडकले होते, आणि एलन मुलींना घेऊन न्यू हॅम्पशरमधल्या कॉर्निश या दुसऱ्या कलावंत-वसाहतीत होत्या. तिथेच व्हॉनोंनी चहाच्या टेबलाशी बसलेल्या एलन आणि तीन मुलींचे मोठे चित्र काढले.

राष्ट्राध्यक्षांच्या शयनगृहाचे कापड त्यांनी कुठून मागवले, हे पाहण्यासारखे आहे. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या बायका हातमागावर निळे-पांढरे कापड विणत. एलनने तेच मागवून खोली सजवली. वर्तमानपत्रांत त्याची चर्चा झाली आणि त्या बायकांच्या मालाला गिऱ्हाईक मिळाले.

रोझ गार्डन त्यांचे का?

कल्पना त्यांची. पश्चिमेकडे आधी एडिथ रूझवेल्ट यांची जुन्या वळणाची बाग होती. १९१३ मध्ये एलनने ती काढून जॉर्ज बर्नॅप या उद्यानरचनाकाराच्या मदतीने गुलाबांची बाग आखली. पूर्वेकडच्या बागेसाठी बिअट्रिक्स फॅरंड यांना बोलावले. टीव्हीवर वर्षानुवर्षे दिसणारी, पत्रकार परिषदांची रोझ गार्डन मात्र एलनची नव्हे. ती केनेडींच्या काळात, १९६२ मध्ये, रेचल मेलन यांनी नव्याने रचली. २०२५ मध्ये मधली हिरवळ काढून तिथे फरशी बसवली गेली.

‘गल्ल्यांचा कायदा’ हे काय प्रकरण?

वॉशिंग्टनमध्ये रस्त्याकडेच्या देखण्या घरांच्या मागे, चौकांच्या पोटात, अरुंद गल्ल्या होत्या. तिथल्या खोल्यांत हजारो लोक राहत, बहुसंख्य कृष्णवर्णीय. आत पाणी नाही, शौचालय नाही, क्षयाचे प्रमाण भयानक. समाजसेविका शार्लट हॉपकिन्स यांनी मार्च १९१३ मध्ये, म्हणजे शपथविधीला महिनाही झाला नव्हता तेव्हा, एलनला या गल्ल्या दाखवल्या. एलन मग वारंवार जाऊ लागल्या. खासदारांना व्हाइट हाउसच्या गाडीत घालून तिथे नेऊ लागल्या. एखाद्या विधेयकासाठी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने असे उघड कामाला लागणे तेव्हा नवे होते, आणि ‘एलन विल्सन विधेयक’ असेच त्याला म्हणू लागले.

विधेयक मंजूर झाले, पण ते अर्धे होते. गल्ल्या पाडायच्या एवढे त्यात होते, तिथल्या माणसांनी जायचे कुठे हे नव्हते. पुनर्वसनाविना पाडकाम म्हणजे काय, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. पुढे महायुद्धाने शहरात घरांची टंचाई झाली आणि कायदा अमलात न येता विरून गेला. १९४१ मध्ये त्यांच्या नावाने एक सरकारी वसाहत बांधली गेली. तीही १९८८ मध्ये रिकामी केली गेली आणि नंतर पाडली गेली.

वर्णभेदाबाबत त्यांची भूमिका काय होती?

ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. विल्सन सरकारने १९१३ पासून टपाल आणि अर्थ खात्यांत गोऱ्या आणि काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवायला सुरुवात केली. १९१४ पासून सरकारी नोकरीच्या अर्जासोबत फोटो बंधनकारक झाला, त्याचा उपयोग कशासाठी झाला हे उघड आहे. हे सगळे एलन व्हाइट हाउसमध्ये असताना सुरू झाले. सरकारी कचेऱ्यांत फिरून त्यांनी बायकांसाठी विश्रांतीच्या खोल्या, उजेड, हवा यांचा आग्रह धरला. वेगळे बसवण्याविरुद्ध मात्र त्यांनी आवाज उठवला नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेत वाढलेल्या गोऱ्या घरातली ती दृष्टी होती. गल्लीतल्या माणसाबद्दल त्यांना कळवळा होता, पण तो माणूस आपल्या बरोबरीचा आहे हे त्यात नव्हते.

मिसेस पेक प्रकरण खरे का?

१९०७ मध्ये बर्म्युडाला विल्सन यांची मेरी पेक या बाईंशी ओळख झाली आणि पुढे कित्येक वर्षे दोघांत जिव्हाळ्याची पत्रे गेली. एलनला ते माहीत होते आणि त्यांना त्याचा त्रास झाला. बाईंना त्यांनी घरीही बोलावले, जगाला बोलायला जागा ठेवली नाही. यापलीकडचे तपशील रंगवून सांगणारे खूप आहेत, त्यांच्याकडे जावे.

मृत्यू कशाने झाला?

मूत्रपिंडाच्या विकाराने, तेव्हाच्या भाषेत ब्राइट्स डिसीजने. नोव्हेंबर १९१३ मध्ये जेसीचे लग्न व्हाइट हाउसमध्ये झाले, मे १९१४ मध्ये एलेनॉरचे, अर्थमंत्री विल्यम मॅकॅडू यांच्याशी. दोन्ही लग्नांचा व्याप एलनने अंगावर घेतला. मधे मार्चमध्ये त्या खोलीतल्या गुळगुळीत फरशीवर पडल्या होत्या आणि मग पूर्वीसारख्या उठल्याच नाहीत. जुलैअखेर युरोपात युद्ध पेटले. विल्सन पत्नीच्या अंथरुणाशी बसून तारा वाचत आणि लिहीत. ६ ऑगस्टला, गल्ल्यांचे विधेयक सिनेटने मंजूर केल्याची बातमी त्यांच्या कानावर घातली गेली आणि त्याच दिवशी त्या गेल्या. वय ५४. रोममधल्या मर्टल हिल दफनभूमीत आईवडिलांजवळ त्यांचे दफन झाले.

चित्रकार असलेल्या आणखी कोणी राष्ट्राध्यक्ष-पत्नी?

कॅरोलाइन हॅरिसन. बेंजामिन हॅरिसन यांच्या पत्नी, व्हाइट हाउसमध्ये १८८९ ते १८९२. त्या चिनी मातीच्या भांड्यांवर रंगकाम करत. पॉल पुट्झकी या आपल्या शिक्षकाला त्या इंडियानाहून वॉशिंग्टनला घेऊन आल्या आणि व्हाइट हाउसमध्ये बायकांचे वर्ग भरवले. सरकारी मेजवान्यांच्या ताटांवरची मक्याच्या कणसांची नक्षी त्यांचीच. १८९२ मध्ये त्याही व्हाइट हाउसमध्येच, क्षयाने वारल्या.

भारताशी काही संबंध?

एलनचा स्वतःचा नाही, थोरल्या मुलीचा आहे, आणि तो चांगला घट्ट. मार्गारेट गायिका होत्या. १९३८ मध्ये त्या पाँडिचेरीला श्रीअरविंदांच्या आश्रमात आल्या आणि तिथेच राहिल्या. श्रीअरविंदांनी त्यांचे नाव ‘निष्ठा’ ठेवले. श्रीरामकृष्णांच्या वचनामृताचे जे इंग्रजी भाषांतर स्वामी निखिलानंदांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केले, त्याच्या संपादनाला त्यांनी हातभार लावला होता. १९४४ मध्ये त्या पाँडिचेरीतच वारल्या. मधली जेसी समाजकार्यात आणि राजकारणात होती. धाकटी एलेनॉर फिलाडेल्फियाच्या ललितकला अकादमीत चित्रकला शिकली होती, पण पुढे लेखनाकडे वळली.

चित्रे पाहायला कुठे मिळतील?

वॉशिंग्टनला एस स्ट्रीटवरच्या वुड्रो विल्सन यांच्या घरात, जे आता संग्रहालय आहे. व्हॉनोंचे चहाच्या टेबलाचे चित्रही तिथेच आहे. एक गंमत म्हणजे हे घर विल्सन आणि एडिथ यांचे, एलन तिथे कधी राहिल्याच नाहीत. व्हर्जिनियातल्या स्टॉन्टन गावी विल्सन यांच्या जन्मस्थळाच्या संग्रहातही काही चित्रे आहेत. ओल्ड लाइमच्या फ्लॉरेन्स ग्रिसवोल्ड संग्रहालयाने २०१२ मध्ये त्यांच्या चित्रांचे खास प्रदर्शन भरवले होते. तिथे गेलात तर जेवणघरातल्या रंगवलेल्या फळ्या चुकवू नका, आणि बाजूच्या व्हरांड्यातही जाऊन या. प्रिन्स्टनला नातेवाईक असतील आणि जाणे होणार असेल, तर प्रॉस्पेक्टची बाग विद्यापीठाच्या आवारातच आहे. मे-जूनमध्ये गेलेले बरे.